आजोबांचा प्रोग्राम नातवाच्या मशीनवर

बसडेपोतला जुना कॉम्प्युटर ज्या सकाळी धूर सोडून गप्प झाला, त्या सकाळी फक्त शिपाईमामांना वाईट वाटलं. त्याच्या पाठीवर ते आपला जेवणाचा डबा गरम ठेवायचे. बाकी डेपो त्याला आजोबा म्हणायचा आणि वर्षातून एकदाच, तेही नाइलाजाने, त्याच्या दर्शनाला जायचा.

पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला वर्षातून एकदा आजोबांसमोर बसावं लागे. पडदा काळा. त्यावर मध्येच कुठेतरी एक पांढरा चौकोन उगवायचा. तो दिसताक्षणी कीबोर्डवरचं सगळ्यांत लांबलचक बटण दाबायचं, की आजोबा गुण सांगायचे. चाळीस किंवा त्याहून कमी आले, की माणूस वर्षभर गाडी चालवायला मोकळा. जास्त आले, की तीन महिने गाडीला हात लावायचा नाही आणि मग पुन्हा परीक्षा. हे गुण कशाचे, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. ताप चढला की वाईट आणि उतरला की चांगला, तसंच हेही, एवढं सगळ्यांना कळत होतं आणि तेवढ्यावर वर्षानुवर्षं छान चाललं होतं.

आजोबांच्या जागी स्टोअरमधून दुसरं मशीन आलं. तसं तेही जुनंच, कोपरे पिवळे पडलेलं. पण आतला प्रोसेसर दोन पिढ्या पुढचा, म्हणून त्याचं नाव आपोआपच नातू पडलं. मधली पिढी कधीच भंगारात गेली होती आणि तिची आठवण काढणारंही कुणी नव्हतं. वायरमनने आजोबांची फ्लॉपी नातवाच्या तोंडात घातली. नातवाने ती घरघर करत गिळली, आणि पडद्यावर तोच प्रोग्राम, तीच अक्षरं, तोच काळा पडदा.

"बघा," साहेब म्हणाले, "सगळं जसंच्या तसं चालतंय. लोक उगाच घाबरवतात."

साहेब चौतिशीचे होते, चार महिन्यांपूर्वी बदली होऊन आले होते, आणि एखादी गोष्ट चालू झाली म्हणजे ती बरोबर चालू आहे असं मानणाऱ्यांपैकी होते. अशी माणसं बढतीला फार लवकर पोचतात.

परीक्षेला पहिले बसले सावकाशराव. हे त्यांचं खरं नाव नव्हे हे सांगायला नको. एकतीस वर्षं बस चालवून त्यांनी कुणाला साधं खरचटूही दिलं नव्हतं, आणि पुढच्या गाडीपासून ते इतकं अंतर ठेवायचे की मधे रिक्षावाले पंगत मांडून बसतील. म्हणून डेपोने हे नाव दिलं होतं आणि त्यांनी ते कुरकुर न करता घेतलं होतं. मात्र त्या सकाळी ते खुर्चीच्या अगदी कडेला टेकले. गेली तीन वर्षं त्यांचे गुण अडतीस, एकोणचाळीस, चाळीस असे चढत आले होते. निवृत्तीला अजून तीन वर्षं बाकी. नापास झालेल्या ड्रायव्हरला चौकशीच्या खिडकीत बसवत, आणि त्या खिडकीत बसलेला एकही जण पुन्हा गाडीवर आलेला सावकाशरावांनी पाहिला नव्हता.

चौकोन उगवला. त्यांनी बटण दाबलं. नातवाने क्षणाचाही विचार न करता आकडा फेकला. चारशे बारा.

"एक शून्य जास्त पडलं असेल," सावकाशराव म्हणाले.

"शून्य कुठंय यात?" साहेबांनी विचारलं.

खरंच नव्हतं. पुन्हा बसले, चारशे वीस. तिसऱ्यांदा बसले तर बोट घामाने घसरलं आणि नातवाने चारशे नव्वद सांगितले. त्यांच्या मागून दहा जण बसले. कुणी तीनशे चाळीस, कुणी तीनशे पंच्याण्णव. सगळ्यांत शेवटी बसला चष्मा, म्हणजे चष्मा लावणारा ड्रायव्हर. त्याला पाचशे एकाहत्तर पडले आणि तो म्हणाला, "अरे वा, मी पहिला."

आता एवढ्या अकरा माणसांना एका वर्षात एकदम म्हातारपण कसं येईल, असा प्रश्न एखाद्याला पडला असता. साहेबांना पडला नाही. ते म्हणाले, "वयाचं असंच असतं. आलं की एकदम येतं." अकराच्या अकरा बस बंद ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली आणि सोबत एक छापील कागद. रोज सकाळी डेपोच्या आवारात कवायत, डोळ्यांवर गार पाण्याचे हबके, चहा बंद. पंधरा दिवसांनी पुन्हा परीक्षा. तेव्हा जो नापास, तो खिडकीत. खिडकी एकच होती आणि माणसं अकरा, पण ते नंतर बघू म्हणाले.

घरी बायकोने विचारलं, "अहो, चारशे बारा म्हणजे नेमकं काय?"

"चाळीसच्या वर."

"तेवढं मलाही येतं."

बायकोने त्या दिवसापासून त्यांच्या दुधातली साखर बंद केली. शरीरातला कुठलाही आकडा वाढला की आधी साखर बंद करायची, असं तिचं मत होतं, आणि आजवर ते कुणी खोटं पाडलं नव्हतं. मग तिनेच सरावाची युक्ती काढली. ती स्टुलावर उभी राहून चमचा सोडणार, आणि सावकाशरावांनी तो वरच्यावर झेलायचा. पहिल्या दिवशी बावीस चमचे सुटले आणि बावीस जमिनीवर पडले. शेजारीण दार ठोठावून विचारून गेली, काही भांडण वगैरे चाललंय का.

"भांडण नाही, परीक्षा आहे," बायको म्हणाली आणि दार लावून घेतलं.

चौथ्या दिवशी ते थकून खाली बसले. "मला खिडकीत बसवतील गं," ते म्हणाले. "लोक येतील, विचारतील सातची बस कधी सुटते. मी सांगीन सातला. दिवसभर हेच."

"बसवतील तेव्हा बसवतील. उठा, चमचा धरा."

ती रागावली नव्हती. एकतीस वर्षं हा माणूस रोज पहाटे उठताना कधी कंटाळला नव्हता, आणि आता तो झोपेत पाय आखडून घेत होता, हे तिने पाहिलं होतं. तिला भीती वाटत होती आणि भीती वाटली की ती हुकूम सोडायची. पंधराव्या दिवशी वीसपैकी नऊ चमचे हातात आले.

परीक्षेच्या आदल्या दुपारी शिपाईमामांनी नातवाला ओल्या फडक्याने पुसलं. आजोबांच्या पाठीची ऊब काही याला नव्हती, तरी धूळ होतीच. पुसता पुसता पुढच्या बाजूचं, चालू-बंदच्या शेजारचं एक छोटं बटण खट्कन बाहेर आलं आणि त्यावरचा पिवळा दिवा विझला. मामांनी इकडेतिकडे पाहिलं. मशीन तर चालू होतं. फडकं पिळून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सावकाशराव पुन्हा खुर्चीत बसले. चौकोन उगवला, बटण दाबलं. या खेपेला नातवाने जरा वेळ घेतला आणि मग म्हणाला, सहा.

"सहाशे?" साहेबांनी वाकून पाहिलं.

"नुसते सहा."

साहेब सरळ झाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा प्रकाश पडला की जणू तो प्रोग्राम त्यांनीच लिहिला होता. "कवायत," ते म्हणाले. "मी म्हटलं होतं. पंधरा दिवसांची कवायत." मागचे सगळे पाच ते आठमध्ये आटोपले. साहेबांनी तिथेच मुख्य कार्यालयाला फोन लावला, कवायतीचा छापील कागद सगळ्या डेपोंना पाठवा म्हणून.

सावकाशरावांना गाडीची किल्ली मिळाली. तिच्यावर अंगठा फिरवत ते बाहेर पायरीवर आले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी पोटभर श्वास घेतला. तेवढ्यात आतून चष्मा आला. "आठ," तो आनंदाने म्हणाला, आणि पायरीशेजारच्या वाळूच्या लाल बादलीला हात करून म्हणाला, "काय मामा, पुसून झालं का?"

बादलीने उत्तर दिलं नाही. चष्मा आपल्या बसकडे निघाला, शेजारच्या बसशी जरा घुटमळला आणि कंडक्टरने हाक मारल्यावर योग्य बसमध्ये चढला. चष्म्याची बस बाजाराकडे जायची. त्याच बसने दर मंगळवारी सावकाशरावांची बायको भाजी आणायला जायची. सावकाशरावांनी किल्ली खिशात टाकली आणि पुन्हा आत गेले.

"साहेब, एकदा परत बसू का?"

"कशाला? सहा आलेत तुम्हाला."

"सहज."

चौकोन उगवला. सावकाशरावांनी त्याच्याकडे पाहिलं, नाकावरून हात फिरवला, घसा खाकरला आणि मग बटण दाबलं. अठ्ठावीस. पास.

"साहेब, हे मशीन खोटं बोलतंय," ते म्हणाले. "मागे वाईट खोटं बोललं, आता गोड बोलतंय."

साहेबांनी एकदा फोनकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "अहवाल गेलाय," ते हळूच म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

बाहेर बाकीचे ड्रायव्हर त्यांच्यावर तुटून पडले. चारशेचे गुण पडले तेव्हा सगळे बोंबलत होते, मशीन बिघडलंय म्हणून. आता सगळ्यांना मशीन पटलं होतं. "तू आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोयस," एकजण म्हणाला. "आणि तोही आमच्या पायांवरून घरंगळवत. सहा आले ना तुला? किल्ली घे, गाडीवर जा."

हे सावकाशरावांना कळत नव्हतं असं नाही. चढत्या आकड्यांचा हिशोब त्यांना झोपेत पाठ होता. चाळीसनंतर काय येतं हे पहिलीतलं पोरही सांगेल. पाच मिनिटं ते किल्ली मुठीत धरून उभे राहिले, आणि त्या पाच मिनिटांत आपण गप्प बसावं असं त्यांना मनापासून वाटलं. मग चष्म्याची बस फाटकातून बाहेर पडताना फाटकाला घासून गेली, आणि ते वेळापत्रकवाल्या बाईंच्या घरी निघाले.

बाई डेपोच्या वेळापत्रक विभागातून निवृत्त झालेल्या. तो प्रोग्राम त्यांनीच वीस वर्षांपूर्वी दुपारच्या सुट्टीत बसून लिहिला होता. सावकाशरावांनी सगळं सांगेपर्यंत त्या विणत होत्या. सहा हा आकडा ऐकल्यावर त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं.

"माझा प्रोग्राम माणसाला सहा म्हणाला?" त्या म्हणाल्या. "सहा माशीला येतील. माणसाला येत नसतात. चला."

डेपोत येऊन त्यांनी नातवाभोवती एक चक्कर मारली, पुढचं छोटं बटण पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी दाबलं?"

"मी फक्त पुसतो," शिपाईमामा म्हणाले. "दाबायचं माझ्याकडे नाही."

बाईंनी ते खट्कन आत दाबलं. पिवळा दिवा लागला. सावकाशरावांना बसवलं, चारशे अठरा. बटण बाहेर काढलं, सहा. एव्हाना सगळे जमले होते, साहेबही.

"हा प्रोग्राम घड्याळ बघत नाही," बाई म्हणाल्या. "चौकोन आला की हा मनातल्या मनात आकडे मोजायला लागतो, आणि तुम्ही बटण दाबलं की थांबतो. लपाछपीत राज्य आलेलं पोर मोजतं ना, तसं. आजोबा ज्या चालीने मोजायचे, ती धरून मी एका सेकंदाचे शंभर गुण बसवले होते. हा नातू त्याच वेळात दहापट आकडे मोजतो. तुमचं बोट तेवढंच, पण याचं मोजणं भराभर."

"मग हे बटण कशाला?" साहेबांनी विचारलं.

"मशीनं फार जलद झाल्यावर मागच्या पिढीचे प्रोग्राम त्यांच्यावर असेच गडबडायला लागले. म्हणून बनवणाऱ्यांनीच हे बटण ठेवलं. जुनं काम आलं की जरा दमाने घे, एवढं सांगायला."

"असं बटण आमच्या मुलाला बसवून मिळेल का?" मागून एकाने विचारलं, आणि चार-पाच जणांनी मान डोलावली.

"पण दमाने म्हणजे किती, हे याला कळत नाही," बाई म्हणाल्या. "आजोबा चालायचे. हा एक तर धावतो, नाही तर रांगतो. आजोबांच्या चालीला याला कुठल्याच बटणाने आणता येणार नाही. मलाच याचं मोजणं नव्याने बसवावं लागेल."

साहेबांनी घसा साफ केला. "आणि तोवर, म्हणजे, तो कवायतीचा कागद?"

"कवायत चांगलीच असते," बाई म्हणाल्या. "करा तुम्ही."

पूर्ण दिवस गेला. डेपोच्या क्रीडास्पर्धेचं स्टॉपवॉच कपाटातून काढलं. बाई नातवाला मोजायला लावायच्या, शिपाईमामा घड्याळ दाबायचे. मामांना पहिल्यांदाच काही दाबायचं काम अधिकृतपणे मिळालं होतं आणि ते श्वास रोखून दाबत होते. बाईंनी दिवा लागलेला ठेवला, प्रोग्रामात आजोबांचा आकडा खोडून नातवाचा घातला, दहा सेकंदांना बरोबर हजार गुण पडेपर्यंत तो वीसदा बदलला, आणि ते छोटं बटण चिकटपट्टीने बंद करून टाकलं.

मग सगळे पुन्हा बसले. पस्तीस, चौतीस, अडतीस. ज्यांनी शिव्या दिल्या होत्या ते पास होऊन हसत बाहेर येत होते. चष्म्याला अठ्ठावन्न आले. तो म्हणाला, "खरं सांगू? सहा महिने झाले, कंडक्टरच सांगतोय थांबा आला म्हणून." त्याला दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली.

सावकाशराव मुद्दाम शेवटी बसले. बेचाळीस. बाई म्हणाल्या, "परत." त्रेचाळीस. "परत." बेचाळीस.

बाईंनी आपल्या नाकावरचा चष्मा काढून पदराने पुसला. "चाळीस हा काही वेदांत लिहिलेला आकडा नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं, एक गोल आकडा टाका. मी टाकला."

"गोल आहे खरा," सावकाशराव म्हणाले.

साहेब पुढे झाले. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच ते साहेबासारखे न बोलता माणसासारखे बोलले. "दोन गुणांचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. "ती चिकटपट्टी काढतो. एकदाच बसा. कुणी बघितलं नाही."

सगळ्यांनी लगेच खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. शिपाईमामा तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सावकाशरावांना त्या बटणाचा मोह झाला. फार झाला. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"चष्म्याला अठ्ठावन्न खरे, तर माझे बेचाळीसही खरेच," ते म्हणाले आणि बाहेर पडले. पायरीवर त्यांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही, कारण समोर फक्त लाल बादली होती.

घरी बायकोने आकडा ऐकला आणि दुधात दोन चमचे साखर घातली.

मंगळवारी ते चौकशीच्या खिडकीत रुजू व्हायला निघाले, ती बाजाराला, म्हणून दोघं एकाच बसमध्ये चढली. बसवर नवा ड्रायव्हर होता, अठ्ठावीस वर्षांचा. हौस म्हणून त्यानेही परवा बटण दाबून पाहिलं होतं आणि त्याला चोवीस आले होते. सावकाशरावांना पुढच्या बाकावर जागा मिळाली. एकतीस वर्षांत ते या बाजूला कधी बसले नव्हते. हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

एका वळणापुढे रस्त्याच्या कडेला ट्रक उभा होता. सावकाशराव ट्रककडे बघत नव्हते, ट्रकच्या खाली बघत होते. चाकांच्या मधून पलीकडे दोन पाय दिसले, घाईत चाललेले. त्यांचा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि बसच्या जमिनीवर घट्ट दाबला गेला. बायकोने तो पाय पाहिला. तिने लगेच पुढचा दांडा धरला आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याचा दंड.

मग ट्रकपुढून शिडी घेतलेला एक माणूस रस्त्यात आला, आणि मग नव्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. अख्खी बस पुढे कोलमडली. पिशव्या सुटल्या, कुणाचं डोकं कुणाच्या पाठीवर आपटलं, कंडक्टरची तिकिटं उडाली. शिडीवाला हातभर अंतरावरून, मागे न बघता निघून गेला. बसमध्ये दोनच माणसं जागच्या जागी बसलेली होती.

सावकाशराव समोर बघत होते. पाय तसाच दाबलेला होता. बायकोने दंडावरचा हात काढून त्या पायाच्या गुडघ्यावर ठेवला.

"काढा आता पाय," ती म्हणाली. "थांबली गाडी."